रक्त स्वच्छ, विषाणू आत: तिसऱ्या दिवशी उपचार मिळालेल्या चार माकडांचे प्रकरण

एसआयव्ही या, माकडांत आढळणाऱ्या एचआयव्हीच्या भावंड-विषाणूची लागण झाल्यापासून तिसऱ्या दिवशी चार ऱ्हीसस माकडांवर औषधोपचार सुरू झाले आणि पुढचे २४ आठवडे रोज चालू राहिले. या काळात त्यांच्या रक्तात विषाणूचा आरएनए दिसला नाही, रक्तातल्या पेशींत विषाणूचा डीएनए सापडला नाही. विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली नाहीत, रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनी त्याची दखल घेतल्याचीही खूण नव्हती. नोंदी बाजूला ठेवून नुसते रक्ताचे नमुने एखाद्या तज्ज्ञाच्या हाती दिले असते, तर या माकडांना लागण झालीच नाही असा निर्वाळा त्याने दिला असता. मग औषधे थांबवली. चारही माकडांत विषाणू परत आला.

हे प्रकरण २०१४ चे. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरमधील जेम्स व्हिटनी, डॅन बारूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्ही पूर्ण बरा का होत नाही, या प्रश्नावर भरपूर लिहिले गेले आहे. पण अडचण नेमकी कधी आणि कुठे सुरू होते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ते मुळापासून मांडतो.

प्रयोगाची मांडणी

एकूण माकडे २०, गट पाच, प्रत्येक गटात चार. सगळ्यांना एसआयव्ही-मॅक-२५१ या विषाणूची लागण गुदमार्गे केली. शिरेत सुई टोचून विषाणू सोडणे सोपे असते, पण माणसात एचआयव्ही बहुतेक वेळा अंतस्त्वचेतून शिरतो, त्यामुळे इथेही तसाच मार्ग निवडला. एका गटाला तिसऱ्या दिवशी, दुसऱ्याला सातव्या, तिसऱ्याला दहाव्या आणि चौथ्याला चौदाव्या दिवशी औषधे सुरू झाली. पाचव्या गटाला औषधच दिले नाही.

औषधे तीन होती: टेनोफोव्हिर, एम्ट्रिसिटाबिन आणि डोल्युटेग्राव्हिर. तिन्ही एकत्र करून रोज कातडीखाली इंजेक्शन. माणसांच्या उपचारात आज ज्या औषधांवर भिस्त आहे तीच ही. एचआयव्हीवरच्या औषधांचा एक अख्खा वर्ग, नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ज्यात मोडतात तो, एसआयव्हीवर चालतच नाही, त्यामुळे माकडांसाठी औषधांची जुळणी करताना हात थोडे बांधलेले असतात. डोल्युटेग्राव्हिरसारखी इंटिग्रेज (विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत जोडणारे प्रथिन) रोखणारी औषधे आल्यावर माकडांतही विषाणू पूर्ण दाबून ठेवणे शक्य झाले आणि असे प्रयोग अर्थपूर्ण ठरू लागले.

आणखी एक काळजी घेतली होती. काही ऱ्हीसस माकडांच्या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांत अशी रूपे असतात की ती औषधाविनाच एसआयव्हीला बऱ्यापैकी आवर घालतात. अशी माकडे आधीच वगळली होती. चारच्या गटात असे एक जरी माकड आले, तर औषधाचे श्रेय जनुकाला की जनुकाचे औषधाला, हे कळायला मार्ग उरत नाही.

माकडच का, आणि तेही कोणते

आफ्रिकेतल्या माकडांच्या अनेक जातींमध्ये एसआयव्ही फार जुन्या काळापासून आहे. काजळी मँगाबी किंवा आफ्रिकी हिरवी माकडे यांच्या रक्तात तो भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. आशियातल्या मकाक जातींना (ऱ्हीसस त्यांपैकीच) मात्र निसर्गात हा विषाणू कधी भेटलेलाच नव्हता. अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांमध्ये तो मँगाबींकडून मकाकांत गेला आणि ही माकडे एड्ससारख्या आजाराने मरू लागली. १९८५ मध्ये न्यू इंग्लंडच्या प्रायमेट केंद्रात अशा मकाकांमधून हा विषाणू वेगळा काढण्यात आला. खुद्द एचआयव्ही-१ ऱ्हीसस माकडात वाढत नाही. त्यांच्या पेशींतले ट्रिम-५-अल्फा नावाचे प्रथिन त्याला आत शिरल्या शिरल्याच अडवते, हे २००४ मध्ये दाखवले गेले. म्हणून एचआयव्हीच्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या या भावंडाकडून घ्यावी लागतात.

या अभ्यासातली माकडे भारतीय वंशाची होती. चिनी वंशाच्या ऱ्हीसस माकडांत एसआयव्हीचा आजार तुलनेने सौम्य राहतो, भारतीय वंशाच्या माकडांत तो वेगाने आणि माणसातल्या एड्सच्या जवळ जाणारा दिसतो, म्हणून संशोधकांचा ओढा त्यांच्याकडे असतो. भारताने १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. त्यानंतरची ही माकडे परदेशातल्या केंद्रांमध्येच पैदास झालेली आहेत. या प्राण्यांना लागण करतात, रोज टोचतात, भूल देऊन त्यांच्या ग्रंथींचे तुकडे काढतात, आणि उपचार न मिळालेल्या गटाच्या वाट्याला विषाणूचा पूर्ण मारा येतो. हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची किंमत कुणी मोजली हे सांगितल्याशिवाय तो मांडणे मला पटत नाही.

माकडांशिवाय हे कळले नसते का? नसते. त्याचे कारण तांत्रिक आहे. माणसाला लागण कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला झाली हे जवळजवळ कधीच माहीत नसते. तो तपासणीला येतो तेव्हा विषाणू रक्तात दिसायला लागून बहुधा आठवडे किंवा वर्षे लोटलेली असतात. ‘तिसऱ्या दिवशी उपचार’ हे वाक्य माणसाच्या बाबतीत खात्रीने लिहिताच येत नाही. माकडाच्या बाबतीत येते.

सुप्त साठा म्हणजे काय

विषाणू सीडी४ टी-पेशीत (रोगप्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत बनवतो. ही प्रत पेशीच्या केंद्रकात जाऊन पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडली जाते. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन प्रत बनण्याचे काम रोखतात, डोल्युटेग्राव्हिर जोडणीचे. जोडणी एकदा झाली की या तिन्ही औषधांना तिथे करण्यासारखे काही उरत नाही. विषाणूचा डीएनए आता त्या पेशीचाच भाग झालेला असतो. पेशी जगेल तोवर तो जगतो, पेशी दुभंगली की तिच्या दोन्ही लेकींना मिळतो.

बहुतेक लागण झालेल्या पेशी विषाणू तयार करता करता लवकर मरतात. थोड्या पेशी मात्र शांत होतात, स्मृतिपेशी बनतात आणि वर्षानुवर्षे निष्क्रिय राहतात. अशा पेशीतला विषाणू प्रथिने बनवत नाही, त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला ती पेशी निरोगीच वाटते. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो तिथे पडून असतो. पुढे कधीतरी पेशी जागी होते, विषाणू तयार होऊ लागतो, आणि त्या क्षणी औषध चालू नसेल तर लागण पुन्हा पसरते. अशा झोपलेल्या पेशींतला विषाणू म्हणजेच सुप्त साठा. माणसांत हा साठा १९९० च्या दशकात सापडला. औषधे चालू असतानाही तो इतका हळू घटतो की त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४ महिने मोजले गेले. या वेगाने नुसत्या औषधांवर तो संपायला साठहून अधिक वर्षे लागतील. म्हणून रुग्णाला औषध जन्मभर घ्यावे लागते.

साठा असतो, टिकतो, औषधाला दाद देत नाही, हे २०१४ च्या आधीही माहीत होते. तो बनतो केव्हा, हे नक्की नव्हते. विषाणू रक्तात दिसू लागल्यावर, तो वाढून साऱ्या शरीरात पसरताना साठा भरत असेल असे मानायला वाव होता. तसे असते तर रक्तात दिसण्यापूर्वीच औषध सुरू केलेल्या माकडांत साठा बनायलाच नको होता.

बायोप्सीत जे दिसले

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा औषधे थांबवल्यानंतरच्या भागात नाही, त्याआधीच्या बायोप्सीत आहे. तिसऱ्या दिवशी उपचार मिळालेल्या माकडांचे रक्त स्वच्छ होते, पण लसिकाग्रंथी आणि आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासले तेव्हा त्यांत विषाणूचा डीएनए मिळाला. उशिरा उपचार मिळालेल्या माकडांपेक्षा बराच कमी, पण होता.

हे नवलाचे वाटायला नको, कारण या विषाणूचे खरे घर रक्त नाहीच. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी (टी-पेशी याच वर्गातल्या) अगदी थोड्या एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथींत, प्लीहेत आणि आतड्याच्या अस्तरासारख्या भागांत असतात. आतड्यातल्या सीडी४ पेशी बहुतांशी आधीच सक्रिय असतात, विषाणूला त्या आयत्याच मिळतात. एसआयव्ही लागणीनंतर माकडांच्या आतड्यातल्या या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच प्रचंड प्रमाणात नष्ट होतात आणि त्या वेळी रक्तातली सीडी४ संख्या फारसे काही बोलत नाही, हे १९९८ मध्येच दिसले होते. गुदमार्गे शिरलेला विषाणू पहिले तीन दिवस नेमक्या याच भागात असतो. रक्ताची तपासणी त्या काळात रिकामी येते. विषाणू गैरहजर असतो म्हणून नव्हे, आपण शोधतो त्या जागी तो अजून आलेला नसतो म्हणून. या कोऱ्या दिवसांतच काही पेशींमध्ये जोडणी उरकलेली असते.

तिसऱ्या दिवशी औषध मिळाल्यावर पुढचा प्रसार थांबला, हे खरे यश. पण आधी झालेली जोडणी तशीच राहिली. प्रसार इतक्या लवकर थांबला की रोगप्रतिकारशक्तीला विषाणू ओळखण्याइतका माल मिळालाच नाही. म्हणजे लवकर उपचारांनी साठा लहान ठेवला, पण त्या साठ्यावर पहारा देऊ शकणाऱ्या पेशीही तयार होऊ दिल्या नाहीत. या बाजूकडे कमी लक्ष जाते. माझ्या दृष्टीने उपचारानंतर लस किंवा प्रतिपिंडे देऊन पाहण्याच्या कल्पनेला इथूनच बळ मिळते.

औषध थांबल्यावर

सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी उपचार मिळालेल्या गटांत विषाणू साधारण आठवड्याभरात परतला. तिसऱ्या दिवसाच्या गटात मध्यक कालावधी २१ दिवसांचा निघाला. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात एकूण किती विषाणू होता आणि औषध थांबवताना किती विषाणू-डीएनए शिल्लक होता, या दोन्ही गोष्टींशी परतण्याचा काळ जुळत होता. साठा लहान असेल तर त्यातली एखादी पेशी जागी होण्याची वाट जास्त दिवस पाहावी लागते. एकदा ती जागी झाली की पुढची वाढ थांबत नाही.

योगायोग असा की २०१४ च्या त्याच जुलै महिन्यात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या बालकाची बातमी आली. २०१० मध्ये एचआयव्हीची लागण असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या या बालकाला जन्मानंतर ३० तासांत उपचार सुरू झाले होते. दीड वर्षानंतर उपचार तुटले, तरी विषाणू दिसेना. २०१३ मध्ये हे बालक बरे झाल्याची आशा जगभर पसरली. औषधाविना २७ महिने गेल्यावर त्याच्या रक्तात दर मिलिलिटरला विषाणूच्या १६,७५० प्रती सापडल्या. त्या बालकात साठा नेमका कधी बनला हे सांगता येत नव्हते, कारण लागण गर्भात झाली की जन्माच्या वेळी, हेच ठाऊक नव्हते. माकडांच्या अभ्यासाने ती मोकळी जागा भरली.

२०१८ मध्ये बँकॉकमधून माणसांतला पुरावा आला. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, रक्तात आरएनए दिसतो पण बाकीच्या चाचण्या अजून नकारात्मक असतात त्या काळात उपचार सुरू झालेल्या आठ जणांनी देखरेखीखाली औषधे थांबवली. आठही जणांत विषाणू परतला, मध्यक काळ २६ दिवस. माकडांच्या २१ दिवसांशी हा आकडा तंतोतंत ताडून पाहण्यात अर्थ नाही, उपचाराचा टप्पा आणि कालावधी दोन्ही वेगळे होते. पण दिशा तीच.

या प्रकरणातून काय म्हणता येत नाही

चार माकडे म्हणजे चारच. ‘तीन दिवसांत साठा बनतोच’ हा निष्कर्ष या विषाणूपुरता, या मार्गापुरता आणि या मात्रेपुरता आहे. माणसात लागण करणारा विषाणू बहुतेकदा कमी प्रमाणात आत येतो, त्यामुळे तिथे घड्याळ थोडे वेगळे चालत असेल.

दुसरे, बायोप्सीत मोजलेला डीएनए सगळाच जिवंत विषाणूचा नसतो. जोडल्या गेलेल्या प्रतींपैकी बहुसंख्य सदोष असतात, त्यांतून नवा विषाणू कधीच निघणार नाही. म्हणून डीएनए सापडला एवढ्यावरून विषाणू परतेलच असे म्हणता येत नाही. या प्रकरणात तो परतला म्हणून त्या डीएनएचा अर्थ पक्का झाला.

तिसरे, उपचार २४ आठवडेच चालले. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

तीन दिवसांच्या अलीकडे

त्याच गटाने २०१८ मध्ये घड्याळ आणखी मागे नेले. उपचार सहा तासांनी सुरू केलेल्या माकडांपैकी एकातही औषध थांबवल्यावर विषाणू परतला नाही. एका दिवसाने सुरू केलेल्यांत २० टक्के, दोन दिवसांनी ६० टक्के आणि तीन दिवसांनी १०० टक्के माकडांत तो परतला. साठा एका ठरावीक क्षणी बनत नाही, पहिल्या दिवसापासून त्याची शक्यता तासागणिक वाढत जाते, हे या आकड्यांत उघड दिसते.

इथे एक जुना धागा येऊन मिळतो. आज टेनोफोव्हिर या नावाने ओळखले जाणारे औषध तेव्हा पीएमपीए होते. १९९५ मध्ये मकाकांना एसआयव्ही दिल्यानंतर २४ तासांच्या आत हे औषध सुरू केले, तर सगळी माकडे वाचतात, हे दिसले. १९९८ च्या पुढच्या प्रयोगात २४ तासांनी सुरू करून २८ दिवस दिले तर संरक्षण पूर्ण मिळाले. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केले तर निम्म्याच माकडांना मिळाले. २४ तासांनीच सुरू करून तीन दिवसांत बंद केले तेव्हा एकही माकड वाचले नाही. संशयित संपर्कानंतर ७२ तासांच्या आत औषध सुरू करा आणि २८ दिवस घ्या, हा माणसांसाठीचा आजचा नियम बऱ्याच अंशी याच माकडांवर उभा आहे. आणि ‘७२ तासांच्या आत’ याचा अर्थ ७२ तास हातात आहेत असा कुणी घेऊ नये. सुई टोचलेल्या परिचारिकेसाठी किंवा अत्याचार झालेल्या व्यक्तीसाठी त्यातला प्रत्येक तास मोलाचा आहे. तिला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणे म्हणजे तिचा बचाव जाणूनबुजून कमकुवत करणे होय.

विषाणू खरोखर गेला, हे कसे ठरवायचे

रक्तावर विसंबता येत नाही म्हटल्यावर संशोधकांना कठोर कसोट्या शोधाव्या लागल्या. एक कसोटी अशी: बऱ्या झालेल्या वाटणाऱ्या माकडाच्या रक्तातल्या आणि लसिकाग्रंथीतल्या कोट्यवधी पेशी लागण नसलेल्या माकडात सोडायच्या. त्यांत एक जरी जिवंत विषाणू असेल, तर नव्या माकडात तो वाढायला मोकळे रान असते. दुसरी कसोटी, माकडाला प्रतिपिंड देऊन त्याच्या सीडी८ पेशी (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) काही काळ काढून टाकायच्या. या पेशी विषाणूला दाबून ठेवत असतील, तर पहारा उठताच तो बाहेर येतो. नाही आला, तर तो नसण्याची शक्यता बळावते.

तिसरे साधन मला सगळ्यात सुंदर वाटते. एसआयव्ही-मॅक-२३९-एम नावाच्या, प्रयोगशाळेत तयार केलेल्या विषाणू-मिश्रणात सुमारे १०,००० वेगवेगळ्या खुणा घातलेले विषाणू आहेत. बाकी सगळे सारखे, फक्त जनुकसंचातला एक छोटा तुकडा प्रत्येक वाणाचा निराळा. औषध थांबवल्यावर परतलेल्या विषाणूत किती वेगवेगळ्या खुणा आहेत हे मोजले, की किती पेशी स्वतंत्रपणे जाग्या झाल्या याचा अंदाज येतो. साठ्याचा नुसता आकार कळून भागत नाही, तो कोणत्या वेगाने जागा होतो हेही कळावे लागते, आणि ते या खुणांमुळे मोजता येऊ लागले.

याच खुणा घातलेल्या विषाणूने २०१८ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. लागण झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे आपल्या चार माकडांपेक्षाही उशिरा, औषधे सुरू केली, पण ती जास्त काळ चालू ठेवली. त्यातल्या अनेक माकडांत औषध थांबवल्यावर विषाणू परतला नाही. इतक्या लवकर पकडलेला साठा मुळात लहान असतो आणि त्यातल्या पेशी हळूहळू मरत जातात, त्यामुळे पुरेसा वेळ दिला तर तो विषाणू परतण्याइतका उरत नाही, असा याचा अर्थ लागतो. उपचार महिनोन्‌महिने उशिरा सुरू झालेल्या माणसांना हे लागू पडत नाही, त्यांचा साठा मोठा असतो आणि त्यातल्या पेशी दुभंगून स्वतःची भर घालत राहतात. पण जन्मतःच लागण झालेली आणि पहिल्याच दिवशी औषध मिळालेली बालके या चार माकडांच्या बरीच जवळची आहेत. त्यांच्यात औषध थांबवून पाहायचेच असेल, तर २४ आठवड्यांनी नव्हे, काही वर्षांनी पाहावे, आणि तेही दर काही दिवसांनी विषाणूभार तपासण्याची सोय हाताशी असेल तरच.